तुझ्या नावाचं माप

सुजे, काल तुझ्या लेकीनं मोबाइलवर तुझं फ्लेक्स दाखवलं आणि माझं डोकंच फिरलं. मागं मावळता सूर्य, खाली गुलाबाच्या पाकळ्या, एका कोपऱ्यात मेणबत्ती आणि दुसऱ्या कोपऱ्यात, देवाशप्पथ सांगते, हंस. मधे तुझा तो आधारकार्डावरचा फोटो, ज्यात तू नुकतीच कुणाशी तरी भांडून आल्यासारखी दिसतेस. आणि नाव? सोनेरी! अक्षराला सावली, सावलीला कड, कडेला चमक. नावाआधी त्या दुकानवाल्यानं 'कै.' ठोकलं होतं, ते प्रज्ञानं काढायला लावून तुमच्या रीतीचं 'कालकथित' करून घेतलं होतं, तेवढं एक बरं. बाकी सगळं बघून मी म्हटलं, "प्रज्ञा, तुझ्या आईनं हे बघितलं तर ती पुन्हा एकदा जाईल गं."

प्रज्ञा हसली आणि हसता हसता रडायला लागली. "मावशी, मला कुठं कळतंय त्यातलं? दुकानवाला म्हणला सगळे हेच घेतात. तुला पटत नसंल तर तूच लिही ना."

तर बाई, तुझ्या जलदानविधीचा बोर्ड मी लिहितेय. रविवारी कार्यक्रम आहे. हार्डबोर्डला पांढरा हात दिला, तो वाळलासुद्धा. ब्रश धुऊन ठेवलेत, दोरीला खडू लावलाय, निळ्याचा डबा उघडलाय आणि मी समोर स्टुलावर बसून राहिलेय. एक रेघ मारलेली नाही. तुझं नाव केवढं लिहायचं, हेच मला ठरवता येत नाही. जन्मभर ज्याच्यावरून आपण भांडलो, तेच नेमकं माझ्या गळ्यात अडकवून निघून गेलीस. चांगली आहेस!

प्रज्ञाला वाटतंय मी दुःखानं बसलेय. दुःख आहेच गं, ते काय कुठं जातंय. पण खरं सांगू का, मला तुझा रागही आलाय.

तुला आठवतो का चित्रकलेच्या कॉलेजातला तो जहीर सरांचा तास? पहिल्या वर्षाचा. खिडकीतून धूळ यायची, डेस्कांचे पाय हलायचे आणि सर हातात खडू घेऊन विचारत होते, "बोलो, निशानी काय को लगती? कंपनी को चिन्ह काय को चाहिए?" कुणी म्हणालं शोभेला, कुणी म्हणालं नाव व्हायला. मी नुकतीच खेड्यातून आलेली, दोन वेण्या, तोंडातून शब्द फुटायचा नाही. पण ह्या प्रश्नाचं उत्तर मला येत होतं. मी उभी राहिले आणि म्हणाले, "सर, मेंढरं हरवू नयेत म्हणून."

सगळा वर्ग खो खो हसला. मला वाटलं धरणी पोटात घेईल तर बरं. सर तेवढे हसले नाहीत, "सही बोली" म्हणाले आणि पुढं गेले. तास संपल्यावर तू आलीस. निळा पंजाबी ड्रेस, बोटांना शाई. "ए, खरंच पाठीवर रंग लावता व्हय तुम्ही?"

मी म्हटलं, "लावतो. गेरूचा. आमच्या मेंढरांच्या पाठीवर दोन आडवे पट्टे, चुलत्याच्यांवर एक ठिपका. बाजारात कळप मिसळले तर मग कळतं कुणाचं कोणतं."

"म्हणजे तुझा बाप आपल्या सगळ्यांच्या आधी कमर्शियल शिकून बसला की!" असं म्हणून तू माझ्या पाठीवर थाप मारलीस आणि माझ्या डब्यातला ठेचा संपवलास. ठेचा लई तिखट होता. डोळ्यांतून पाणी यायलं तरी हात थांबला नव्हता तुझा.

माझ्या आबांना शेवटपर्यंत कळलं नाही आपण काय शिकतोय ते. गावात कुणी विचारलं की सांगायचे, "पोरगी बोर्ड रंगवायचं शिकायली." समोरचा म्हणायचा, "बोर्ड रंगवायला पाच वर्सं?" आबा म्हणायचे, "मोठाला बोर्ड असंल." तू हे ऐकून इतकी हसली होतीस की तुझ्या हातातलं भांडं सांडून काळी शाई माझ्या कागदावर गेली. सबमिशनचा कागद होता तो, बयाबाई. तुझ्यामुळं मला सगळं पुन्हा करावं लागलं आणि दुसऱ्यांदा ते जास्त चांगलं झालं, हे मी तुला कधी बोलले नाही. आता बोलते.

आपलं पहिलं काम आठवून तर मला आजही घाम फुटतो. वैजापूरचा तो कांद्याचा आडत्या. सुट्टीत माझ्या मामानं लावून दिलेलं काम. आपण दोघी एसटीनं ब्रश-डबे घेऊन गेलो आणि त्याच्या दुकानाच्या शटरवर काय अक्षर काढलं होतं! कांद्याचं चित्र, त्याचा गुलाबी रंग, खाली नाव, गोलाई अशी की बघत राहावं. तू शिडीवर, मी खाली, रस्त्यानं जाणारी माणसं थांबून बघायली. दुसऱ्या दिवशी सकाळी आडत्या आला, त्यानं कुलूप काढलं, खाड्कन शटर वर केलं आणि आपलं सगळं काम गुंडाळून वर गेलं. तो कमरेवर हात ठेवून म्हणाला, "पोरींनो, दुकान उघडल्यावर गिऱ्हाईकानं काय वाचायचं?"

कॉलेजात आपल्याला कागद शिकवला होता, रंग शिकवला होता, अंतर शिकवलं होतं. शटर वर जातं हे कुणी शिकवलं नव्हतं. तू त्या गुंडाळलेल्या शटरकडं बघून म्हणालीस, "काका, दुकान बंद असल्यावर लई चांगलं दिसंल." तो इतका चकित झाला की रागवायचंच विसरला. मग वरच्या पट्टीवर दुसरा बोर्ड लिहून दिला आपण, दिवसभर उन्हात.

त्या वेळी तू आमच्या घरी राहिली होतीस. माझ्या मायनं ताट वाढता वाढता विचारलं, "कोन्या समाजाची गं तू?" मला माहीत होतं ती विचारणार. त्या काळात विद्यापीठाच्या नावावरून गावोगावी माणसं एकमेकांकडं डोळे बारीक करून बघत होती. आपल्याकडं बाबासाहेबांचं नाव द्या म्हणणारे आणि देऊ नका म्हणणारे, असे दोनच पक्ष उरले होते. तू सरळ म्हणालीस, "जयभीमवाले आहोत मावशी." मायचा हात भाकरीवर थांबला. मग तिनं भाकरी तुझ्या ताटात टाकली आणि म्हणाली, "मग खा की. उपाशी कामून बसली?" नंतर म्हातारपणी तिला माझ्या मुलांची नावं आठवत नव्हती, पण "तुझी ती बोर्डवाली कशी हाय?" हे मात्र दर खेपेला विचारायची.

परतीच्या एसटीत तू मला तुमच्या घराचं सांगितलंस. एकदाच सांगितलंस, पुन्हा कधी तो विषय काढला नाहीस. मीही काढला नाही. तू लहान होतीस. दादांनी, म्हणजे तुझ्या वडलांनी, घराच्या पुढच्या भिंतीवर निळीनं नाव लिहिलं होतं. विद्यापीठाला द्यायचं तेच नाव. त्याच्याखाली काही नाही, जिंदाबाद नाही की काही नाही, नुसतं नाव. ज्या दिवशी गावात आग लागली त्या दिवशी त्या भिंतीचं घर पहिलं पेटलं. दादा तुम्हाला घेऊन रात्रीतून शहरात आले ते पुन्हा गेले नाहीत. पुढं वाळूजला कारखाने उभे राहायला लागले, तिथं दादांना काम लागलं आणि बजाजनगरात तुमची एक खोली झाली. खिडकीबाहेर बघत तू म्हणालीस, "दादाचं अक्षर लई चांगलं होतं, भामे. लांबून वाचता यायचं."

मी तुझा हात हातात घेतला. तुझ्या नखांत अजून त्या कांद्याचा गुलाबी रंग होता.

आणि एवढं सगळं माहीत असूनही मी तुझ्याशी भांडलेच. शेवटच्या वर्षी सगळ्यांनी जाहिरात-मोहिमेसाठी विषय घेतले. एका वस्तूचं किंवा विचाराचं सगळं करायचं, पोस्टर, वर्तमानपत्रातली जाहिरात, बोर्ड, वेष्टन, कॅलेंडर. वर्गातली निम्मी पोरं साबण आणि पावडरीवर. मी घोंगडी घेतली. आणि तू घेतलंस विद्यापीठाचं नाव, जे अजून दिलेलंच नव्हतं. पत्राचा कागद, पदवीचं प्रमाणपत्र, बसचा पास आणि मोठ्या दाराचा बोर्ड. विभागप्रमुखांनी चष्मा काढला. "अहो, ही वस्तू बाजारात नाही. नसलेल्या गोष्टीची जाहिरात कशी करणार?"

तू म्हणालीस, "सर, ही सगळी पोरं गोरं करणाऱ्या साबणाची करायलीत. साबणानं कोण गोरं झालंय अजून?"

जहीर सर पटकन खिडकीकडं वळले. त्यांचे खांदे हलत होते. विभागप्रमुख मात्र हसले नाहीत. विषय बदल, नाहीतर वर्ष जाईल, एवढं बोलून ते गेले. ते काही वाईट माणूस नव्हते. बाहेर रोज मोर्चे निघत होते, एसट्या मधेच बंद पडत होत्या, क्रांती चौकात पोलिसांच्या गाड्या उभ्या. त्यांना कॉलेजात भानगड नको होती. तू तर त्या मोर्च्यांचे कापडी फलक लिहून द्यायचीस आणि दुसऱ्यांनी लिहिलेले बघून कपाळाला हात लावायचीस. "घोषणा लाख मोलाची अन् अक्षर बघ, जसं काही बैलानं लिहिलंय."

दाराच्या बोर्डाचा कच्चा आराखडा तू माझ्यापुढं ठेवलास. मी बघितलं आणि जे शिकलो होतो तेच बोलले. रस्त्यावरून एसटी जाते, त्यातला माणूस काय शोधतो? विद्यापीठ शोधतो. मग तो शब्द मोठा कर. नाव वरती बारीक ओळीत घे, एवढं लांबलचक नाव मोठं केलं तर लांबून वाचताच येणार नाही.

तू पेन्सिल खाली ठेवलीस. "भामे, नाव बारीक लिहायचं असतं तर कुणाचीच हरकत नव्हती. बारीक अक्षरात द्यायला सगळेच तयार हायेत."

"अगं मी अक्षराचं बोलतेय, राजकारणाचं नाही. अक्षर वाचणाऱ्यासाठी असतं."

"अक्षर असंल. नाव नसतं. नाव ज्याचं असतं त्याच्यासाठी असतं."

"मग वहीत लिहून ठेव की! भिंतीवर कशाला?"

झालं. कितीतरी दिवस तू माझ्याशी बोलली नाहीस. मेसमध्ये माझ्या समोर बसायचीस, माझ्याच ताटातला कांदा उचलून खायचीस, पण बोलायची नाहीस. असला अबोला मी दुसऱ्या कुणाचा बघितला नाही.

तुझं वर्ष जाणार म्हणून मी काळजीनं अर्धी झाले होते. आणि परीक्षेच्या दिवशी तू लांबच्या लांब पाटी भिंतीला टांगलीस. त्यावर सगळी अक्षरं पेन्सिलीनं कोरलेली, एकेक गोलाई, एकेक कान्याची जाडी मोजूनमापून, आणि रंग कशातच नाही. बाहेरगावाहून आलेले परीक्षक थांबले. "हे अपूर्ण का?"

"नाव मिळालं की भरते, सर."

"आणि नाही मिळालं तर?"

"तर असंच राहील. पण पुसणार नाय."

ते नाकावर चष्मा चढवून अक्षरांमधली अंतरं बघायला लागले आणि एका ठिकाणी बोट ठेवून म्हणाले, "इथं थोडं मोकळं हवं होतं." तू म्हणालीस, "व्हय सर, हवं होतं." जेमतेम का होईना, पास झालीस. मी बाहेर तुला मिठी मारून भोकाड पसरलं आणि जहीर सर म्हणाले, "अरे पास हो गई ना? फिर रोती काय को? चाय पिलाओ अब."

त्यानंतर बरीच वर्षं गेली. आपली लग्नं झाली, प्रज्ञा झाली, माझी दोन झाली. बजाजनगरात आपण दुकान टाकलं, कंपन्यांचे बोर्ड, खोक्यांवरची छपाई, कॅलेंडरं. आणि एका संक्रांतीला विद्यापीठाला नाव मिळालं. सगळ्या बजाजनगरात निळे झेंडे, तिळगूळ, ढोल. दादा ओट्यावर बसून लहान पोरासारखे रडत होते. तू माझ्या घरी आलीस ती रिक्षात ती जुनी पाटी आडवी घालून. तुझा चेहरा फुललेला होता आणि काहीतरी झालेलंही होतं.

नाव मिळालं होतं, पण जुनं नाव काढून नव्हे. दोन्ही नावं एकापुढं एक ठेवली होती. नामांतर मागितलं होतं, नामविस्तार झाला होता. तू पाटी माझ्या भिंतीला टेकवलीस, पट्टी घेतलीस, मोजलंस, पुन्हा मोजलंस. मग खालीच बसलीस. "भामे, इतकी वर्सं जागा धरून ठेवली गं. अन् आता जागाच पुरंना."

तू हसत होतीस का रडत होतीस ते मला आजही सांगता येत नाही. दोन्ही असेल. ज्या नावासाठी घर गेलं, माणसं गेली, ते आलं याचा आनंद खरा होता. आणि ते जसं मागितलं तसं आलं नाही, हेही खरं होतं. मी पट्टी उचलली आणि तुझ्या शेजारी बसले. म्हटलं, चल, नव्यानं आखू. आणि आखायला घेतल्या घेतल्या आपण पुन्हा भांडलो. तू म्हणालीस, सगळे शब्द सारख्याच उंचीचे. मी म्हणाले, मग काहीच उठून दिसणार नाही, एकाला पुढं आणावंच लागेल. तू म्हणालीस, मग कुणाला आणायचं ते मला माहीत आहे. चहा निवला, तिळगुळाला मुंग्या लागल्या, आपलं ठरलं नाही. ती पाटी दोन पेन्सिलींच्या रेघांसकट दादांच्या खोलीत गेली. त्यांना ती तशीच आवडायची.

दुकानात तरी कुठं कमी भांडलो? 'सावधान, विजेचा धोका' लिहिताना तू निमूट माझं ऐकायचीस. "इथं तुझं खरं, वाचता आलंच पायजे, नाहीतर जीव जाईल." पण माणसाचं नाव आलं की तू वाघीण. त्या निवृत्त कामगाराचं मानपत्र आठवतं? साहेबांनी आराखडा दिला होता, वर कंपनीचं नाव मोठं, तळाला त्या माणसाचं बारीक. तू कुणाला न विचारता उलटं केलंस. साहेब तणतणत आले. तू म्हणालीस, "साहेब, कंपनीचं नाव गेटवर लई मोठं हाय. ह्याच्या घरात ह्याचं राहू द्या." साहेबांनी मानपत्र तसंच नेलं. तो माणूस पुढं रोज येता-जाता दुकानासमोर सायकलची घंटी वाजवायचा.

आणि आपल्या दुकानाच्या बोर्डवर माझं नाव आधी लिहिलंस. भामा-सुजाता आर्ट्स. मी विचारलं, माझं का आधी? म्हणालीस, "तू उंच हायेस म्हणून." खरं कारण कधी सांगितलं नाहीस. मला ते माहीत आहे असं मला वाटतं. धनगराच्या पोरीचं नाव आमच्या सगळ्या खानदानात कुठंच लिहिलेलं नव्हतं, सातबाऱ्यावर नाही, दारावर नाही. तू शिडीवर चढून ते रस्त्यावर लिहिलंस. सुजे, त्या दिवशी घरी जाऊन मी रडले होते. आभार मानायचे राहून गेले, कारण दुसऱ्या दिवशी आपण कशावरून तरी भांडलो.

आता माझ्या रागाचं कारण सांगते. दवाखान्यात, दुपारची वेळ होती, प्रज्ञा औषधं आणायला गेली होती. तू डोळे मिटून पडली होतीस. मला वाटलं झोपलीस. एकदम म्हणालीस, "भामे, मी गेल्यावर माझं नाव बारीक लिहायला सांग पोरीला. वाचता आलं म्हणजे झालं. लई गाजावाजा नको."

मी म्हटलं, "गप गं. काहीतरीच बोलतेस." आणि मग मला कळलं तू काय बोललीस ते. "बारीक? तू? तू म्हणतेस बारीक?"

तू डोळे न उघडता हसलीस. तेवढ्यात नर्स आली, सलाईन बदललं, मला बाहेर काढलं. त्यानंतर तू बोलण्यासारखी राहिली नाहीस.

तेव्हापासून मी ह्याच एका गोष्टीत अडकलेय. तू हरलीस का? जन्मभर भांडून शेवटी माझं खरं म्हणालीस? का थकली होतीस? का जाता जाता माझी खोडी काढलीस? तुझं काही सांगता येत नाही. तुझा शेवटचा शब्द मानायचा, तर मी जिंकते. आणि मला ते जिंकणं नको आहे गं. मला तू पाहिजेस. समोर बसून माझ्या ताटातला कांदा खाणारी, न बोलणारी का असेना, तू पाहिजेस.

इथवर वहीत काल लिहिलं होतं. मग उठून दिवा लावला, स्वयंपाक केला, झोपले.

आज सकाळी उठल्या उठल्या बोर्ड घेतला. दोरी मारली. तुझं ऐकलं नाही, सुजे. 'कालकथित' वरती लहान घेतलं, आणि खाली 'सुजाता' या कडेपासून त्या कडेपर्यंत, बोर्ड भरून, निळं. दुसऱ्या अक्षरानंतर मोकळं सोडायचं होतं तिथं सोडलं. प्रज्ञा चहा घेऊन आली आणि दारातच उभी राहिली. मग डोळे पुसून म्हणाली, "मावशी, वेळ? ठिकाण? आडनाव? शोकाकुलमध्ये सगळ्यांची नावं टाकायची होती ना?"

मी म्हटलं, "जागा नाही उरली."

"अगं, पण तूच म्हणतेस ना, वाचणाऱ्याला आधी काय लागतं ते बघायचं?"

"म्हणते. उद्यापासून पुन्हा म्हणेन."

तिनं डोक्याला हात लावला, अगदी तुझ्यासारखा, आणि वेळ-ठिकाण सगळ्यांना फोनवर पाठवून दिलं. बोर्ड आम्ही दोघींनी उचलून कोपऱ्यावर, कंपनीच्या रस्त्याला तोंड करून ठेवला. मी शेजारी खुर्ची टाकून बसले, रंग ओला होता म्हणून, कुणाचा धक्का लागू नये म्हणून.

दुपारच्या शिफ्टची पोरं यायला लागली. मोटारसायकली, पाठीला डब्यांच्या पिशव्या, कानात वायरी. ही पोरं तुझ्या त्या निळ्या झेंड्यांच्या संक्रांतीनंतर जन्मलेली. बहुतेक जण बघून गेले. एकजण पुढं गेला, थांबला, गाडी वळवून परत आला. एक पाय जमिनीला टेकवून त्यानं बोर्ड वरपासून खालपर्यंत बघितला, मागच्या बाजूलाही वाकून बघितलं, तिकडं काही लिहिलंय का म्हणून.

"मावशी," तो म्हणाला, "यात काहीच नाय लिहिलेलं. कोण होत्या ह्या?"

मी म्हटलं, "गाडी स्टँडवर लाव. सांगते."